नाळेतलं रक्त बाळाचंच असतं

मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. पहिलं बाळंतपण, ३३वा आठवडा सुरू आहे. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.२ होतं, गोळ्या घेऊन आता १०.४ झालंय. जन्मानंतर नाळ लगेच कापू नये असं त्यांच्या वाचनात आलं. सासूबाई म्हणतात, "थांबलं तं बाळाचं रक्त उलटं वारेत जाते." (वार म्हणजे प्लॅसेंटा, जिच्यातून नाळेमार्फत बाळाचं पोषण होतं.) नणंदेच्या बाळाला कावीळ झाली होती, चार दिवस निळ्या लाइटखाली ठेवलं होतं, त्याची धास्ती आहेच. सिझर झालं तर काय, हाही प्रश्न आहे. आणि नाळेतलं रक्त साठवून ठेवणाऱ्या एका कंपनीचा माणूस दोनदा घरी येऊन गेलाय. ताई विचारतात, नेमकं किती वेळ थांबायचं आणि डॉक्टरांना हे सांगायचं कसं?

आधी थेट उत्तर देते. बाळ जन्मल्यावर रडत असेल, श्वास घेत असेल आणि तुम्हाला जास्त रक्तस्राव होत नसेल, तर किमान एक मिनिट नाळेला चिमटा लावू नये. जमलं तर तीन मिनिटं थांबावं, किंवा नाळेची धडधड बंद होईपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये किमान एक मिनिटाची शिफारस केली. आपल्या सरकारच्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमातही नाळ उशिरा कापणं हा रक्तक्षय टाळण्याचा एक उपाय म्हणून धरलेला आहे. म्हणजे हे कुठलं नवं खूळ नाही आणि तुम्ही डॉक्टरांकडे काही जगावेगळं मागत नाही आहात.

आता हे कशासाठी, ते सांगते. नागपुरात बाळंतपणं करायला लागून मला सव्वीस वर्षं झाली, आणि ही गोष्ट मी पुस्तकापेक्षा बोटांनी जास्त शिकले आहे. बाळ बाहेर आलं की आईच्या पोटावर ठेवायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, आणि एका हाताची दोन बोटं नाळेवर ठेवायची. पहिल्या क्षणी नाळ जाड, निळसर, चकचकीत असते, दोरखंडासारखा पीळ असलेली, आणि बोटांखाली टक्-टक्-टक् असे ठोके लागतात. ती बाळाच्या हृदयाची धडधड. बाळ रडतं, छाती भरते. मिनिटभरात ठोके मंद होत जातात, नाळ सैल पडते. दोन-तीन मिनिटांत ती पांढुरकी, चपटी, ओल्या सुती नाडीसारखी लोळागोळा होते. बोटांखाली आता काही लागत नाही. एवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाच्या अंगात पोचलेलं असतं. जी नाळ आपण दहाव्या सेकंदाला कापतो ती कापताना रक्त उडतं, कात्री, ग्लोव्हज, चादर सगळं भिजतं. पांढरी पडलेली नाळ कापली तर जेमतेम चार थेंब पडतात. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

वार आणि बाळ मिळून जे रक्त फिरत असतं, त्यातला साधारण एक तृतीयांश भाग जन्माच्या क्षणी वारेत आणि नाळेत असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या मिनिटात त्यातलं सुमारे ८० मिली मिळतं, तीन मिनिटांत १०० मिलीच्या आसपास. १०० मिली म्हणजे एक कप चहासुद्धा नाही, मग त्याचं एवढं काय? तीन किलोच्या बाळाच्या अंगात मुळात रक्तच अडीचशे मिलीच्या आसपास असतं. त्या मानाने ही मोठी रक्कम आहे. मोठ्या माणसाला हाच हिशेब लावला तर दीड लिटरच्या पुढे जातो. दीड लिटर रक्त कोणी आपल्या मर्जीने सोडून देईल का? आणि हे रक्त दुसऱ्या कोणाचं नाही, आईचंही नाही. वारेच्या आत आई आणि बाळाचं रक्त शेजारी शेजारी वाहतं, एकमेकांत मिसळत नाही. नाळेतलं रक्त बाळाचंच असतं, फक्त त्या क्षणी ते घराबाहेर गेलेलं असतं.

या रक्तातून बाळाला मिळणारी खरी शिदोरी म्हणजे लोह. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. नवजात बाळाचं रक्त दाट असतं, १०० मिलीत सोळा-सतरा ग्रॅम हिमोग्लोबिन. म्हणजे एवढ्या रक्तातून पन्नासेक मिलिग्रॅम लोह बाळाच्या पदरात पडतं. पहिले सहा महिने बाळ फक्त अंगावर पितं. आईच्या दुधातलं लोह पचतं चांगलं, पण असतं अगदी थोडं, त्यामुळे तोवर बाळ जन्मतःच आणलेल्या साठ्यावर भागवतं. मेक्सिकोत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाळ दोन मिनिटांनी कापलेल्या बाळांच्या अंगात सहाव्या महिन्यात सुमारे २७ मिलिग्रॅम लोह जास्त आढळलं. स्वीडनमध्ये २०११च्या अभ्यासात चौथ्या महिन्याला लोहाची कमतरता तीन मिनिटं थांबलेल्या गटात ०.६ टक्के होती, दहा सेकंदांत कापलेल्या गटात ५.७ टक्के. आणि स्वीडन म्हणजे जिथे आया मुळातच सुदृढ असतात. आपल्यासारखा देश घ्यायचा तर नेपाळ घ्या. तिथल्या २०१७च्या अभ्यासात आठव्या महिन्यात रक्तक्षय असलेली बाळं लवकर कापलेल्या गटात ८२ टक्के आणि तीन मिनिटांनी कापलेल्या गटात ७३ टक्के निघाली. नेपाळमध्ये 'लवकर' याचा अर्थ एका मिनिटाच्या आत असा होता, म्हणूनच मी एका मिनिटावर समाधान न मानता तीनचा आग्रह धरते.

हे आकडे आपल्या दारात आणून बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी होतं, आणि महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी होती. माझ्या ओपीडीत काटोल, उमरेड, रामटेककडून येणाऱ्या मुली सातव्या महिन्यात आठ-नऊ हिमोग्लोबिन घेऊन येतात. जवस-तीळ खातात, सरकारी गोळ्या कधी घेतात, कधी मळमळतं म्हणून कपाटात ठेवतात. ज्या आईचाच साठा आटलेला आहे तिच्या बाळाला तर हे तीन मिनिटांचं रक्त सोन्यासारखं आहे. ताई, तुमचं १०.४ वाढवायला अजून सात आठवडे हातात आहेत, गोळी सोडू नका. चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

मग इतकी वर्षं आम्ही डॉक्टर लगेच का कापत होतो? हा प्रश्न मला माझ्याच कामाबद्दल पडतो, कारण मी शिकले तेव्हा शेकडो नाळा मी दहा-पंधरा सेकंदांत कापल्या आहेत. बाळंतिणीचा रक्तस्राव रोखण्यासाठी तीन गोष्टींचं एक गाठोडं आम्हाला शिकवलं होतं: बाळ होताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, नाळेला लगेच चिमटा, आणि मग नाळ हळुवार ओढून वार काढणं. त्या गाठोड्याने आयांचे जीव वाचले यात शंका नाही. पण पुढे एकेक गोष्ट सुटी करून तपासली तेव्हा कळलं, काम इंजेक्शन करत होतं. नाळ लगेच कापण्याचा त्यात वाटा नव्हता. २०१३ साली १५ अभ्यास आणि जवळपास चार हजार आई-बाळांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात उशिरा कापल्याने आईचा रक्तस्राव वाढल्याचं दिसलं नाही. इंजेक्शन बाळ झाल्यावर मिनिटभरात द्यायचंच, नाळ तोवर तशीच राहू शकते. दोन्ही एकत्र होतं. आपल्या जुन्या सुईणी वार पडेपर्यंत नाळेला हात लावत नसत. त्यांच्या ब्लेड आणि दोऱ्यापायी धनुर्वाताने बाळं दगावली, ते मी कधीच विसरणार नाही, पण थांबण्याची त्यांची रीत बरोबर होती.

सासूबाईंच्या शंकेला हसू नका, ती अगदीच निराधार नाही. नाळेत एक शीर रक्त बाळाकडे आणते आणि दोन रोहिण्या बाळाकडून वारेकडे नेतात. धडधड चालू आहे तोवर काही रक्त वारेकडे जातंही. पण बाळाने श्वास घेतला की फुप्फुसं उघडतात, तिकडे रक्ताला जागा होते, रोहिण्या आकसत जातात, आणि गोळाबेरीज बाळाच्या बाजूने पडते. बाळ आईच्या पोटावर, म्हणजे वारेच्या वर ठेवलं तर रक्त खाली उतरेल ही भीतीही तपासून झाली आहे. अर्जेंटिनातल्या २०१४च्या अभ्यासात पोटावर ठेवलेल्या आणि खाली धरलेल्या बाळांना मिळालेल्या रक्तात फरक आढळला नाही. त्यामुळे बाळ खुशाल छातीपोटावर घ्या.

फुप्फुसांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. गर्भात हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा मोठा भाग वारेकडून येतो. फुप्फुसं अजून मिटलेली असताना नाळ आवळली तर हृदयाचा तो पुरवठा एकदम तुटतो, आणि फुप्फुसांतून येणारा अजून सुरू झालेला नसतो. मधल्या काही सेकंदांत हृदय रिकामं मारतं. आधी श्वास, मग चिमटा, हा क्रम निसर्गाचाच आहे. दणदणीत बाळ तो धक्का सोसतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तो जड जातो.

म्हणून उशिरा कापण्याचा सगळ्यात मोठा फायदा कमी दिवसांच्या बाळांना होतो. २०२३ मध्ये २० अभ्यासांतली ३,२९२ अपुऱ्या दिवसांची बाळं एकत्र धरून पाहिली, तेव्हा दवाखान्यातून घरी जाण्याआधी दगावणाऱ्यांचं प्रमाण लगेच कापलेल्या गटात ८.२ टक्के होतं, थांबलेल्या गटात ६ टक्के. नुसतं थांबून, एक रुपया खर्च न करता. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात भंडाऱ्याकडून रात्री एक वाजता आलेली एक मुलगी आठवते, ३१ आठवडे, पाणी फुटलेलं, बाळाचं डोकं दिसायला लागलेलं. बालरोगतज्ज्ञ हात पुढे करून उभे, सगळ्यांना घाई. सिस्टरने गुंडाळायला स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी उघडून धरली, बाळाचं अंग मानेपर्यंत त्यात घातलं, डोक्यावर टोपी चढवली, आणि ती मोठ्याने मोजायला लागली. वीस. तीस. बाळ कुरकुरलं. चाळीस. मी पाठ चोळत होते. साठला आम्ही नाळ कापली. दीड किलोचं ते पोरगं आता धावतं. एका मिनिटानेच ते वाचलं असं मी म्हणणार नाही, त्यामागे एसएनसीयूतल्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षातल्या, सिस्टरांचे पाच आठवडे आहेत. पण ते मिनिट आम्ही त्याला दिलं, याचं मला समाधान आहे.

वेळ नाही म्हणून काही जण नाळ बोटांनी बाळाच्या दिशेने निपटतात, दोन-चार वेळा. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळात हे करू नये. अमेरिकेतल्या २०१९च्या अभ्यासात अशा बाळांत मेंदूतला गंभीर रक्तस्राव निपटलेल्या गटात २२ टक्के आणि थांबलेल्या गटात ६ टक्के निघाला, आणि तेवढा भाग मध्येच बंद करावा लागला. तुमचं बाळ ती रेषा ओलांडून आलंय, पण थांबणं शक्य असताना निपटण्याचं कारणच नाही.

कावीळ. नणंदेच्या बाळाचं तुम्ही पाहिलंय, म्हणून हे नीट समजून घ्या. जास्त रक्त म्हणजे जास्त लाल पेशी, त्या मोडतात तेव्हा पिवळेपणा वाढू शकतो. मघाच्या चार हजारांच्या आढाव्यात लाइटखाली ठेवावं लागलेली बाळं लगेच कापलेल्या गटात शंभरामागे पावणेतीन होती, उशिरा कापलेल्या गटात सव्वाचारच्या आसपास. म्हणजे थोडी वाढ आहे, ती मी लपवत नाही. पण कावीळ दिसते, मोजता येते, बहुतेक वेळा काही दिवसांच्या लाइटने उतरते. लोहाची तूट दिसत नाही, आणि ज्या महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो नेमक्या त्याच महिन्यांत ती असते. दोन्ही तराजूत टाकून मी थांबण्याच्या बाजूला उभी आहे. तुम्ही एवढंच करा: तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाळ उजेडात नेऊन दाखवा, आणि कोवळ्या उन्हात ठेवलं की झालं यावर विसंबून राहू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बाळाला उन्हात नेऊच नका.

सिझरमध्येही थांबता येतं. बाळ काढून आईच्या मांड्यांवर, निर्जंतुक कोरड्या कापडात ठेवायचं, भूलतज्ज्ञांनी घड्याळ सांगायचं, मिनिटभराने चिमटा. गर्भाशयाच्या कापलेल्या कडांतून फार रक्त येत असेल तर सर्जन आधी कापतील आणि ते योग्यच आहे. अडचण खरी येते ती थंडीची. बाहेर मे महिन्यात ४५ अंश असतात आणि ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, एसी लावून आम्ही वीस अंशांत बसतो. ओलं बाळ तिथे मिनिटात गार पडतं. ओटीचं तापमान २५च्या वर न्यायला सांगा, कापडं आधीच गरम करून ठेवायला सांगा. हे सांगायला कोणी लाजू नये. आम्हाला घाम आला तर आला.

कधी थांबायचं नाही, तेही तितक्याच स्पष्ट सांगते. बाळ पुसून, पाठ चोळूनही रडलं नाही, लुळं पडलं, तर नाळ कापून वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलावर, नेऊन श्वास द्यायचा. आईला अंगावरून फार जात असेल, वार आधीच सुटली असेल, नाळ तुटली असेल, तर थांबायचं नाही. एकाच वारेतल्या जुळ्यांचा निर्णय डॉक्टर वेगळा घेतात. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर फक्त तेवढ्याने थांबणं अडत नाही. बाळाच्या रक्तगटासाठी लागणारे दोन-तीन मिली तीन मिनिटांनंतरही वारेकडच्या टोकातून मिळतात. आईच्या एचआयव्हीमुळेही ही शिफारस बदलत नाही.

आता तो कंपनीचा माणूस. पिशवी भरायला त्याला नाळेतलं भरपूर रक्त लागतं, आणि तुम्ही तीन मिनिटं थांबलात तर ते बाळाच्या अंगात गेलेलं असतं. दोन्ही पूर्णपणे होत नाही. घरात आधीच एखाद्या भावंडाला रक्ताचा असा आजार नसेल ज्यावर नाळेच्या रक्तातल्या पेशी कामी येतील, तर खासगी साठवणीची शिफारस भारतीय बालरोग संघटना करत नाही, २०१८ मध्ये त्यांनी हे निवेदन काढलं आहे. आपल्या विदर्भात हमखास पुढे केलं जाणारं कारण म्हणजे सिकलसेल, लाल पेशींचा आनुवंशिक आजार. पण ज्या बाळाला सिकल आहे त्याच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो, त्याने त्याचाच आजार कसा बरा होणार? तुमच्या चिठ्ठीत सिकलच्या तपासणीचा उल्लेख नाही. झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या, नागपुरातल्या मेडिकल, मेयो, डागा यांपैकी कुठल्याही सरकारी दवाखान्यात होते. तुमची एएस आली, म्हणजे तुम्ही सिकलच्या वाहक निघालात, तर नवऱ्याचीही करा. नाळेच्या वेळेशी याचा संबंध नाही, पण हे माहीत असणं साठवणीच्या पिशवीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

डॉक्टरांना सांगायचं कसं? बहुतेक डॉक्टरांना हे सगळं माहीत असतं. मिनिट हुकतं ते अज्ञानापेक्षा गडबडीने. लेबर रूममध्ये एकाच वेळी तीन टेबलं चालू असतात, एका सिस्टरच्या हातात इंजेक्शन, ट्रे, वजन, पट्टी सगळं. एका ठिकाणी मी सल्लागार म्हणून जात असे तिथे भिंतीवर मोठा फलक होता, 'नाळ एक ते तीन मिनिटांनी', आणि त्याच फलकाखाली मी पंधरा सेकंदांत चिमटा लागताना पाहिलाय. कोणाचा वाईट हेतू नव्हता. कोणी मोजत नव्हतं, एवढंच. म्हणून भाषण देऊ नका, वाद घालू नका. पुढच्या तपासणीला म्हणा, "मॅडम, बाळ रडलं तर नाळ तीन मिनिटांनी कापाल का? फाइलवर लिहून ठेवाल?" फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलेली ओळ रात्री दोनला ड्युटीवर असलेल्या नव्या सिस्टरलाही दिसते.

आणि जिथे नाव घातलंय तिथे प्रसूतीच्या वेळी सोबतीला बाईमाणूस येऊ देतात का, ते विचारून घ्या. सरकारी दवाखान्यांत तशी मुभा आहे. येऊ देत असतील तर सासूबाईंनाच आत घ्या. बाळ रडलं की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि मिनिटं मोठ्याने सांगायची, हे काम त्यांच्याकडे द्या. तिसऱ्या मिनिटाला तुम्ही सिस्टरला म्हणा, नाळ सासूबाईंना दाखवा.